गाळलेली ओळ

चंद्रावरच्या तळावर प्रत्येकाला मोजकाच डेटा मिळायचा, आणि वैजयंतीच्या वडिलांची, नानांची, दर आठवड्याची मेल चांगली ऐसपैस असायची. म्हणून तिने पहिल्याच महिन्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहून पृथ्वीवरच्या केंद्रात बसवला. आधी येऊन गेलेली ओळ पुन्हा आली, की ती तिथेच गाळायची. त्यात ‘अनेक आशीर्वाद’ गळले, गुडघेदुखी गळली, ‘कळावे’ गळलं. उरायची ती ताजी बातमी: फणस धरला, शेजारची म्हैस व्याली.

रविवारी घरी फोन करायची तिची पाळी असायची. ती दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. नाना कुठे काही म्हणतात!

तीन वर्षांनी संदेशविभागातल्या रुबीनाने हाक मारली. “वैजू, तुझी केंद्रातली कचरापेटी भरलीय. पुसू ना सगळं?”

“पूस की. त्यात काय असणार?”

“थांब, ही एकच ओळ एकशे चाळीस वेळा आलीय गं.” तिने पडदा वळवला.

‘रविवारी फोन करशील का? मी घरीच असतो.’

वैजयंतीने सकाळचीच मेल उघडली. तळाशी प्रोग्रॅमची नेहमीची नोंद होती: गाळलेल्या ओळी, शून्य. विहिरीला यंदा पाणी बरं आहे, एवढंच नानांनी लिहिलं होतं. फोनचं काही विचारलं नव्हतं.