पासष्ट इंची आकाश

निरंजनने कॉम्प्युटर नव्या पासष्ट इंची ओएलईडी टीव्हीला जोडला आणि भर दुपारी पडदे ओढले. थोरली बहीण ऊर्मिला शेजारी मटार सोलत बसली होती. तिला लहानपणापासून रातांधळेपणा आहे, हे डॉक्टरांनी पार चाळिशीत सांगितलं होतं.

"गेम खेळायला एवढा मोठा टीव्ही?" ती म्हणाली.

"मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसायचा, ताई. यावर काळं म्हणजे अगदी काळं."

गेममधलं त्याचं यान ढगांतून वर निघालं आणि भिंतभर काळोख पसरला. त्यात हजारो तारे लखलखत होते. ऊर्मिलाचे हात थांबले.

"आकाश असं दिसतं?"

"म्हणजे? गावी गच्चीवर मी रोज दाखवायचो की तुला. तू म्हणायचीस, दिसले."

"तू इतक्या हौसेने दाखवायचास. नाही दिसत म्हणून कसं सांगणार?"

शत्रूची यानं जवळ येत होती, स्पीकरमधून इशारे वाजत होते. त्याने लढाई सोडून यान दुसरीकडे वळवलं.

"कुठल्या ताऱ्याकडे जायचं, ताई?"

ऊर्मिला उठली आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी सगळे बघू दे."