गुणी गाडी

"आई हिवाळ्यात गाडी चालवत नाही," माझ्या मुलाने, निनादने टायरवाल्याला परस्पर सांगून टाकलं. "बिनखिळ्यांचेच टायर द्या."

काउंटरवर दोन टायर ठेवले होते. एक साधा, मऊ रबराचा. दुसऱ्यातून लोखंडी खिळ्यांची टोकं बाहेर आली होती.

स्वीडनला निनादकडे येऊन मला सहा वर्षं झाली. साठीत इथलं लायसन्स काढलं, तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली, आणि ही इलेक्ट्रिक गाडी स्वतःच्या नावावर घेतली. जानेवारीत बर्फाने त्या तळ्याकाठच्या रस्त्याची नुसती काच होते.

मी खिळ्यांवर बोट ठेवलं आणि स्वीडिशमध्ये म्हणाले, "हे चार द्या."

"अगं आई, ते केवढे खडखडतात! आपली गाडी कशी, अगदी तुझ्यासारखी गुणी. कधी आवाज म्हणून नाही."

त्याच्या वडिलांनीही पस्तीस वर्षं चारचौघांत माझं हेच कौतुक केलं होतं. दर वेळी मी हसले होते.

"गाडी जड आहे, पण तिला हे चालतील," टायरवाला म्हणाला. "फक्त एका चार्जिंगमध्ये थोडं कमी अंतर जाईल."

"जाऊ दे. बसवा."

सोमवारी सकाळी कामावर निघताना मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. अंगणातल्या फरशीवर चारही चाकं खडखडली. वरच्या खिडकीतला पडदा बाजूला झाला आणि निनादचा झोपाळू चेहरा दिसला.

हॉर्न वाजवायची गरजच पडली नाही.