चहाचं बटण

"मॅडम, ते बटण चाललंच नाही," पोरगी खाली बघत म्हणाली. तिच्या गटातला पोरगा लॅपटॉपची वायर उगाच गुंडाळत उभा राहिला.

मॅडम चक्रावल्या. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांना जवळ आणणारी एखादी सोय घाला, असा प्रकल्प त्यांनीच पदवीच्या वर्गाला दिला होता. या दोघांनी ‘चहाला येता का?’ असं बटण केलं. दाबलं की विभागातल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. चाचणी आपल्याच विभागात घ्यायची आणि बटण मॅडमनी दाबायचं, असं ठरलं.

मॅडमना या कॉलेजात येऊन वर्ष होत आलं होतं. माणसं जोडायची कशी, हे त्या वर्गात तासन्‌तास शिकवायच्या आणि चहा मात्र एकट्याच प्यायच्या. कुणी वाईट वागत नव्हतं. कुणी बोलवतही नव्हतं, एवढंच. आपण होऊन विचारायची त्यांना भीड वाटायची. बटण दाबायला कसली आलीय भीड?

सोमवारी त्यांनी ते दाबलं आणि कॅन्टीनमध्ये लॅबचे सहायक, ग्रंथपालबाई आणि गणिताचे सर हजर. मग आठवडाभर रोज तेच. गणिताचे सर इतके रटाळ विनोद सांगत, की मॅडमना हसू आवरायचं नाही. फार दिवसांनी त्या सुखात होत्या. पोरांना पैकीच्या पैकी गुण द्यायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

आणि आता ही पोरं म्हणतात, निरोप एकदाही गेला नाही. मग ती माणसं आली कशी?

शेवटी पोरीनं सांगून टाकलं. सोमवारी बटण बिघडलेलं कळलं, तेव्हा नापास व्हायच्या धास्तीनं दोघं धावत सुटले होते. मॅडम चहाला बोलावतायत, असं एकेकाच्या टेबलाशी जाऊन सांगून आले होते.

मॅडमचा चेहरा उतरला. पोरांनी गळ घातल्यावर नाही कोण म्हणणार? आठवडाभर लोकांनी आपली कीव केली, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज सांगत फिरत होतात?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही, फक्त सोमवारी," पोरगा म्हणाला. "मंगळवारी सांगायला गेलो, तर सगळे आधीच खाली जाऊन तुमची वाट बघत बसले होते."