होयचे बहुमत

तिसऱ्यांदा प्रस्ताव पडद्यावर मांडूनही मतमोजणी यंत्राने तेच सांगितलं, "एकही होय ऐकू आले नाही."

विधिमंडळाच्या अवर सचिव सुलभा हिंगमिरे यांनी कपाळावर हात मारला. जागतिक आरोग्य कराराला मंजुरी मिळताच गावोगावची औषधयंत्रं आपोआप सुरू होणार होती. पण आवाजी मतदान मोजायचं यंत्राने, आणि मूकज्वराच्या साथीने तर अख्ख्या सभागृहाचा आवाज गेलेला. दोनशे आमदार 'होय' म्हणायला तोंड उघडत होते आणि बाहेर पडत होती नुसती हवा.

सुलभाताईंचाही घसा गेलेला. त्यांनी चिडून कळफलक बडवला, 'सगळ्यांचे हात वर आहेत, डोळे फुटले का तुझे?'

"हात मोजायचे तर नियम बदलावा लागेल," यंत्र म्हणालं. "त्यालाही आवाजी मतदान लागेल."

तेवढ्यात कालच परदेश दौऱ्यावरून आलेले आमदार भास्करराव ढवण सभागृहात शिरले. तिकडे करार कधीच मंजूर झाला होता, त्यामुळे तिथल्या विमानतळावरच औषध मिळून त्यांचा घसा मोकळा झाला होता. पहिल्यापासून कराराच्या विरोधात असलेले भास्करराव खणखणीत आवाजात म्हणाले, "नाही!"

"नाहीचे बहुमत," यंत्र म्हणालं. "करार नामंजूर."