ओमावारी-सान

धुक्यातून आधी बुटांचा आवाज आला, मग माणसं दिसली. पुढे फौजदार, मागे शिपाई सोपान. सोपान रोज याच रस्त्यानं गस्त घालायचा. आज त्यानं ओसरी पुसणाऱ्या सावित्राबाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जपानी बाई कुठं आहे?" फौजदारांनी विचारलं.

किकूबाई आतून आली. केसांत कंगवा तसाच होता. जपानशी लढाई जुंपून चार दिवस झाले होते. तिच्या नवऱ्याला मुंबईत, कापसाच्या पेढीवरच धरलं होतं. ठाकरवाडीहून बंगल्यावर कामाला येणाऱ्या सावित्राबाईला हे बाजारात कळलं होतं. किकूबाईला कोण सांगणार?

फौजदार इंग्रजीत बोलले, मग हिंदीत. ती नुसती वाकून नमस्कार करत राहिली.

फौजदार सावित्राबाईकडे वळले. "तुला हिची भाषा येते म्हणे?"

"दोन-चार शब्द येत्यात, सायेब."

"मग सांग तिला. पोलीस आलेत. लढाई संपेपर्यंत लांब छावणीत ठेवणार आहेत."

सावित्राबाईला पाण्याचा शब्द येत होता, भाताचा येत होता. आणि पोलिसांचे दोन. बाजारातलं दगडी ठाणं बघून किकूबाई एकदा हळूच म्हणाली होती, 'केइसात्सु', आणि तिनं गळ्याशी कपडा आवळून घेतला होता. पण फाटकावरून सोपान गेला की ती हसायची. 'ओमावारी-सान.' बोटानं हवेत गोल काढून दाखवायची. फेरी मारणारे राव.

सावित्राबाईच्या जिभेवर आधी ठाण्याचा शब्द आला. वैद्याच्या तोंडाकडे बघावं तशी किकूबाई तिच्याकडे बघत होती.

"ओमावारी-सान," सावित्राबाई म्हणाली. ओल्या फडक्यासकट हात उचलून तिनं हवेत एक मोठा गोल काढला.

किकूबाईनं सोपानकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. तो होकार समजून ती हसली.

"काय सांगितलंस?"

"फिरून येऊ, म्हनलं."

फौजदारांनी धुक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गरम कपडे घ्यायला सांग. तिकडे थंडी फार."

थंडीचा शब्द सावित्राबाईला येत नव्हता. ती आत गेली. शाली, रजई, लोकरीचे मोजे, हाताला लागेल ते ट्रंकेत भरू लागली. मागे किकूबाई दारात उभी होती. ट्रंक भरत गेली तसं तिचं हसू विरत गेलं. ती जवळ येऊन बसली, आणि सावित्राबाईनं कोंबलेल्या शाली एकेक काढून नीट घड्या घालू लागली.

सोपाननं ट्रंक खांद्यावर घेतली. पायरीवर किकूबाई वळली, सावित्राबाईपुढे कमरेत वाकली.

"येते," ती मराठीत म्हणाली. रोज संध्याकाळी घरी निघताना सावित्राबाई म्हणायची तसंच, जराही न चुकता.

फाटकाशी पोचेपर्यंत तिघंही पुसट झाली. सावित्राबाईला आवाज फुटला तेव्हा समोर कुणीच नव्हतं.

"या," ती धुक्याला म्हणाली.