कोरी पाटी

"ताई, पाटी कोरी आहे. निघतो," एवढं बोलून धाकट्या भावाने पहाटे फोन ठेवला होता. आणि आता अकरा वाजता तीच पाटी बंद करायची की चालू ठेवायची, याची फाईल ताईच्या टेबलावर येऊन पडली होती.

इंटरनेटवर काय राहू द्यायचं आणि काय काढायचं, हे ठरवणाऱ्या सरकारी कचेरीत ती तपासनीस होती. घरात तिला सगळे 'कात्रीबाई' म्हणून चिडवत. तीही हसून घ्यायची, कारण कात्री चालवताना आपला हात कधी थरथरला नाही याचा तिला अभिमान होता.

पाटी म्हणजे इंटरनेटवरचं एक काळंभोर पान. समुद्र बिघडणार असेल, त्या दिवशी पहाटे त्यावर दोनच शब्द उमटत: 'आज नको.' एरवी पान कोरं. कोरं दिसलं की बंदरातल्या होड्या निघत. लिहिणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

फाईलवर कलम लागलं होतं विनापरवाना हवामानाचा इशारा देण्याचं. तक्रार कोणाची आणि कशासाठी, ते बंद पाकिटात. तपासनिसाचं मन आधीच कलू नये म्हणून पाकीट आदेशावर सही झाल्यावरच फोडायचं, आणि पानावर जे लिहिलंय तेवढंच तपासायचं. हे दोन्ही नियम ताईनेच भांडून करून घेतले होते.

तिने तीन वर्षांतले सगळे 'आज नको' कागदावर उतरवले आणि बंदरातल्या नोंदींशी ताडून पाहिले. पहिला जुळला. दुसरा जुळला. दहाव्यानंतर चहा गार झाला. विसाव्यानंतर तिने फोन उचलणं सोडलं.

एका दिवशी हवामान खात्याने 'समुद्र शांत' म्हटलं होतं. लख्ख ऊन होतं. पाटीवर मात्र 'आज नको.' तिला तो दिवस आठवत होता. धाकटा दिवसभर घरात चरफडत बसला होता, मासेमारीच्या ऐन हंगामात घरी बसवलं म्हणून. संध्याकाळी लाटा बंदराची भिंत ओलांडून रस्त्यावर आल्या, तेव्हा त्याने पाटीला हात जोडले होते.

एकेचाळीस इशारे. एकेचाळीस वेळा समुद्र खवळला. ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुठल्या तरी खोलीत बसलेला एक अनोळखी माणूस रोज पहाटे समुद्राचं मन वाचतो, आणि त्याबद्दल ना नाव मागतो, ना मान. एवढं मोठं काही आपल्या हाताखालून जाईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "झालं का, बाई?"

"साहेब, हा माणूस एकदाही चुकलेला नाही."

"आज चुकला नसेल. उद्या कोणी सोम्यागोम्या अशीच पाटी काढेल. तेव्हा सरकारने काय डोळे मिटून बसायचं?"

"सोम्यागोम्याची बंद करू की. त्याला कोण नको म्हणतंय?"

"हवामान खात्याने आज दुपारनंतर वादळी वाऱ्याचा इशारा दिलाय. पाटी काय म्हणते?"

"कोरी आहे." ती हसली. "खात्याचं काय घेऊन बसलात! लांडगा आला रे आला. गेल्या महिन्याभरात सहा वेळा ओरडले, एकदाही झाडाचं पान हललं नाही."

"पाटीवर शेवटचं कधी लिहिलं गेलं?"

तिने कागद पाहिला. "गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला. यंदा समुद्र गुणी बाळासारखा वागतोय."

"आणि पाटी बंद केली तर?"

"तर लोक नाइलाजाने खात्याचं ऐकतील."

"बघा बुवा," साहेब म्हणाले. "सही तुमची आहे."

ताईने आदेश लिहिला: 'हे पान सुरू राहावं. सरकारने त्याला हात लावू नये.' आयुष्यात पहिल्यांदाच सही करताना तिला आपल्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. तिने शिक्का मारला आणि कागद पुढे पाठवून दिला.

खिडकीचं दार धाडकन आपटलं. शिपायाने उठून कडी लावली.

आता पाकीट. एवढ्या चांगल्या माणसाच्या वाईटावर कोण टपलंय, ते तिला बघायचंच होतं. आत वहीचा फाडलेला कागद होता, आणि त्यावर थरथरत्या हाताची अक्षरं.

'माझ्या खिडकीतून बंदर दिसतं. लोक पाटी कोरी बघून रोज होड्या काढतात आणि माझा जीव टांगणीला लागतो. ते पान कसं मिटवायचं, मला येत नाही. सरकारने दया करून ते लवकर बंद करावं. पाटी लिहिणारे माझे यजमान गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला वारले.'