पसंतीक्रम

यूसराने टेबलावर तळहात आपटला, तेव्हा सेवा केंद्राच्या बाकावरची कुजबुज थांबली.

"नागपूर कुठं गेलं, उत्कर्षदादा?"

कामरगावातील निम्म्या मुलांचे अर्ज उत्कर्षच भरी. यूसराच्या नर्सिंग प्रवेशाचा पसंतीक्रमही त्यानेच नोंदवला होता: आधी नागपूरचे कॉलेज, मग जवळच्या कारंज्याचे. आज सकाळी मैत्रिणीच्या, वैभवीच्या मोबाइलवर तिने तो सहज उघडला आणि पाहतच राहिली. नागपूर पुसले गेले होते. सायंकाळी पाचला अर्ज कायमचा बंद होणार होता, आणि त्यात बदल करायचा तर लागणारा ओटीपी उत्कर्षच्या मोबाइलवर येत होता.

"परवा तुहे अब्बा, रहीमचाचा, आले होते," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "म्हणे, पोरगी रोज जीपनं जाऊन-येऊन शिकन, नागपूर काढून टाक. काढलं."

"अर्ज माहा. मले काहून नाही इचारलं?"

"बाप समोर उभा हाय, अन् मी पोरीले फोन लावत बसू?"

बाकावर आपल्या पाळीची वाट पाहणारी गोजराबाई हसली. "कायले तापून राह्यली वं? बापच हाय, चोर थोडाच हाय!"

"चोर असता तं पोलिसात गेली असती, काकू. आता कोनापाशी जाऊ?"



उत्कर्षने जाडजूड वही पुढे सरकवली, जणू तीच त्याची साक्षीदार होती. ओळीने नावे. प्रत्येक नावापुढे पासवर्ड, म्हणजे तेच नाव आणि जन्मसाल. मोबाइलच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्याचा स्वतःचा क्रमांक. "कोनाचा रिचार्ज संपते, कोनाचं सिम हरपते. तिकडं इंझोरी गावची पोरं घरून ओटीपी घेऊन येईस्तोवर त्याची मुदत जाते. तुमच्याचसाठी केलं ना हे!"

ते खरे होते. तिच्या अर्जाचे त्याने पैसेही घेतले नव्हते. त्या चांगुलपणामुळेच तिला त्याच्यावर धड संतापताही येईना. शिवी द्यावी असा माणूस समोर नव्हता, आणि शिवी मात्र तयार होती.

तिने पिशवीतून बटणांचा जुना मोबाइल काढला. कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. "अम्मीनं देल्ला. आता माहा हाय. याचा नंबर टाका."

क्रमांक बदलण्यासाठी शेवटचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर आला. त्याने सहा आकडे वाचून दाखवले. त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला.

मग तिने कळफलक स्वतःकडे ओढला. नागपूर पुन्हा पहिल्या ओळीत बसवले. जुना पासवर्ड काढून ती नवा टाकू लागली. दोनदा चुकले. उत्कर्षने सवयीने पेनाचे टोपण काढले.

"काय टाकला? सांग, लिहून ठेवतो. इसरून जाशीन."

"इसरली तं इसरली. तिकडं पाहा तुमी."

सगळ्यांसमोर त्याने मान भिंतीकडे वळवली. कळांचा आवाज तेवढा येत राहिला, सावकाश, एकेका बोटाचा. शेवटची कळ तिने अशी दाबली की टेबल हलले.

ती उंबऱ्यापाशी चपला घालत असताना तो मागून म्हणाला, आणि आता त्याच्या स्वरात खरोखरीची धास्ती होती:

"अन् पाचच्या आत रहीमचाचा परत आले तं? त्यायले काय सांगू?"

यूसराने वळून पाहिले नाही.

"सांगा, पोरगी तुमच्याच घरात रायते. तिलेच इचारा."